वसंतातलं निवांत रेगे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाल्गुन सरत आला, पंखा एकवरून तीनवर गेला, की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा निरोप येतोच: "काहीतरी निवांत रेगे सुचव ना." त्याच्यामागून येणारे प्रश्नही बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही, हवं ते उघडा.

रेगे म्हणजे नक्की काय?

जमैकाचं, त्यातही किंग्स्टन शहराचं संगीत. जमैका १९६२ साली स्वतंत्र झाला, त्या सुमाराला तिथे स्का नावाचं धावतं, नाचरं संगीत जोरात होतं. १९६६ च्या आसपास त्याची लय उतरली, बेस (खालच्या, जड सुरांची गिटार) पुढे आला आणि रॉकस्टेडी जन्मलं. दोनेक वर्षांत तेही बदललं आणि १९६८ पासून पुढे जे उरलं ते रेगे. त्याच साली टूट्स अँड द मेटल्स या त्रिकुटाच्या एका रेकॉर्डवर हे नाव पहिल्यांदा ठळकपणे झळकलं. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तोवर ते जगभर पोचून पन्नास वर्षं होत आली होती, ते सोडा.

मला ताल सापडतच नाही. टाळी द्यायला गेलं की चुकते. असं का?

तुमचा कान आपल्याकडच्या तालांवर तयार झालाय म्हणून. आणि ही गंमत समजली की अर्धं रेगे समजलं.

आपला नेहमीचा केरवा घ्या. आठ मात्रा. पहिलीला धा, म्हणजे सम. सगळा भार तिथे. पाचवीला खाली, तिथे डग्गा गप्प. लहानपणापासून भजनं, भावगीतं, सिनेमाची गाणी ऐकून आपलं शरीर समेची वाट बघायला शिकलेलं असतं. आता बॉब मार्लेच्या वेलर्सचा ड्रमर कार्लटन बॅरेट काय करतो ते बघा. त्याच आठ मात्रा धरा. पहिलीला तो काहीच वाजवत नाही. ड्रमचा जड ठोका येतो तो पाचवीला! आपण जिथे खाली दाखवतो तिथे त्याचा दणका, आणि आपली सम तिथे पोकळी. मध्ये तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला गिटार नाहीतर ऑर्गनचा "चक्" असा तुटक आवाज. या ठेक्याला 'वन ड्रॉप' म्हणतात.

करून बघायचं असेल तर मांडीवर हात ठेवा आणि संथपणे एक-दोन-तीन-चार मोजा, दर दोन मात्रांना एक आकडा, म्हणजे पाचवी मात्रा 'तीन'वर येते. 'एक'ला हात उचललेलाच ठेवा. 'दोन'ला बोटांनी हलकी टिचकी, 'तीन'ला पूर्ण पंजा, 'चार'ला पुन्हा टिचकी. पहिल्या काही फेऱ्यांत हात आपोआप 'एक'ला पडेल. तो पडायचा थांबला की खांदे सैल होतात, मान हलायला लागते. रेगे निवांत वाटतं ते गायक हळू गातो म्हणून नव्हे. जिथे भार पडायची सवय आहे तिथे ते भार टाकत नाही, म्हणून.

सगळंच रेगे वन ड्रॉप नसतं, हेही सांगून ठेवतो. 'स्टेपर्स' प्रकारात चारही मोजणीला किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, पडते. ते चालायला, भांडी घासायला उत्तम, पण दुपारी आडवं होऊन ऐकायला नाही.

जमैकात वसंत ऋतू असतो का?

लंडन-न्यूयॉर्कसारखा नाही. उष्ण कटिबंधातलं बेट आहे. जानेवारीतही किंग्स्टनमध्ये दुपारी घाम येतो. साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ आणि मे महिन्यात पावसाची पहिली मोठी फेरी. पण ऋतू कळायच्या खुणा आहेत, आणि त्या आपल्याला अगदी ओळखीच्या वाटतील.

एक म्हणजे पुईची झाडं. कोरड्या दिवसांच्या शेवटी पानं गाळून नुसत्या फुलांनी भरतात, पिवळ्या आणि गुलाबी. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या मोना इथल्या आवारात ती भरपूर आहेत आणि तिथल्या विद्यार्थ्यांत पक्का समज आहे की पुई फुलला तरी ज्याने अभ्यासाला हात लावला नाही, त्याचं काही खरं नाही. यातलीच गुलाबी जात मुंबईत विक्रोळीला, पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेने फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला फुलते. तेव्हा आपल्याकडेही परीक्षाच चालू असतात.

दुसरी खूण आंबा. १७८२ मध्ये इंग्रज आरमाराने मॉरिशसकडून निघालेलं एक फ्रेंच जहाज पकडलं, त्यावरची आंब्याची कलमं जमैकात उतरवली गेली आणि तिथून आंबा बेटभर झाला. आज तिथे लोक ज्या जातींवरून हिरिरीने वाद घालतात त्यात ज्युली, ईस्ट इंडियन आणि चक्क बॉम्बे अशी नावं आहेत. बॉम्बे आंबा मधोमध गोल चिरायचा, दोन्ही अर्धे धरून पीळ द्यायचा, की कोय सुटून येते आणि हातात दोन वाट्या राहतात. हापूसवाल्यांनी यावर मत देऊ नये.

संगीताच्या दृष्टीने मात्र तिथला महिना फेब्रुवारी. २००८ पासून तो 'रेगे महिना' म्हणून साजरा होतो, कारण डेनिस ब्राउनचा जन्म १ फेब्रुवारीचा आणि बॉब मार्लेचा ६ फेब्रुवारीचा. म्हणजे जमैकातला जल्लोष संपतो तेव्हा आपला चैत्र जवळ आलेला असतो. आपण आरामात उरलेलं ऐकायचं.

सुरुवात कुठून करू? 'लेजंड' घेतला तर चालेल?

चालेल, सगळे तेच करतात. १९८४ चा तो संग्रह बॉब मार्ले गेल्यानंतर निघाला आणि त्यात गोड गाणीच वेचून घेतलेली आहेत. पण मी सांगेन, 'काया' घ्या. १९७८ चा अल्बम, पूर्ण. मधलं एकही गाणं न गाळता.

त्यामागची हकीकत माहीत असावी. ३ डिसेंबर १९७६ ला किंग्स्टनमध्ये ५६ होप रोड या मार्लेच्या घरात बंदूकधारी घुसले. त्याच्या छातीला चाटून गोळी दंडात गेली, पत्नी रिटाच्या डोक्याला लागली, व्यवस्थापक डॉन टेलर गंभीर जखमी झाला. तिघेही वाचले. दोन दिवसांनी ठरलेला मोफत कार्यक्रम होता. मार्ले मंचावर गेला आणि गायला. मग देश सोडला आणि १९७७ च्या सुरुवातीला लंडनला येऊन राहिला. दिवसा बॅटरसी पार्कात फुटबॉल, बाकी वेळ स्टुडिओ. त्या काही महिन्यांतल्या रेकॉर्डिंगमधून 'एक्सोडस' आणि 'काया' असे दोन अल्बम झाले. चिडलेली, ठाम गाणी बरीचशी पहिल्यात गेली आणि मऊ गाणी दुसऱ्यात. 'काया' आला तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली: हा माणूस गोळी खाऊन प्रेमगीतं काय गातोय! मला नेमकी तीच गोष्ट ऐकण्याजोगी वाटते. ही निवांतपणा परवडणाऱ्या माणसाची गाणी नाहीत.

'थ्री लिटल बर्ड्स' हे सगळ्यांना माहीत असलेलं गाणं 'एक्सोडस'मधलं. ते होप रोडच्या घराजवळ येणाऱ्या पाखरांवरून सुचलं असं काही जण सांगतात, तर मार्लेच्या मागे गाणाऱ्या तिघी, रिटा मार्ले, मार्शिया ग्रिफिथ्स आणि जुडी मोवॅट, याच त्या तीन चिमण्या असंही सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी छान आहेत, निवाडा करत बसू नका.

'डोंट वरी, बी हॅपी' बॉब मार्लेचंच ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्रांत मार्लेचा फोटो लावून हे गाणं खपवलेलं असतं. मार्ले ११ मे १९८१ ला वारला. हे गाणं १९८८ चं, बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाचं. त्यात एकही वाद्य नाही. बेस, ठेका, शिट्टी, सगळं त्याच्याच तोंडचं.

आणि हे वाक्य मुळात आलं कुठून? मेहेरबाबांकडून. जन्म पुण्याचा, समाधी अहिल्यानगरजवळ मेहेराबादला. त्यांचं हे वचन पत्रकांवर, पोस्टरांवर जगभर पोचलं होतं. तसंच एक पोस्टर मॅकफेरिनच्या पाहण्यात आलं. म्हणजे हे गाणं जमैकाचं म्हणून जे ऐकतात त्यांना सांगा, त्यापेक्षा नगरचं म्हणा, निदान अर्धं तरी खरं असेल.

'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' बोनी एमचं आहे की रेगे?

मूळ रेगेच. मेलोडियन्स या जमैकन गटाने ते १९७० मध्ये गायलं. बायबलातल्या स्तोत्राचे शब्द, रास्ताफारी या जमैकन पंथाच्या मनाने गायलेले. बोनी एमने १९७८ मध्ये डिस्को करून घराघरांत नेलं. आपल्याकडच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांनीही वाजवून वाजवून झिजवलं. मूळ ऐका. तिघांचे आवाज एकमेकांना धरून चालतात, कुणी पुढे घुसत नाही.

गावसकरवरचं ते गाणं रेगेच ना?

ते कॅलिप्सो, आणि त्रिनिदादचं. भारताच्या १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर लॉर्ड रिलेटर या गायकाने रचलं. जमैका आणि त्रिनिदाद यांच्यात दीड हजार किलोमीटरहून जास्त समुद्र आहे, संगीतही वेगळं: कॅलिप्सो उड्या मारतं, शब्दांत मजा करतं, रेगे मागे टेकून बसतं. त्या दौऱ्यात जमैकाचा वाटाही होता म्हणा. किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर पहिल्याच कसोटीत मडगावच्या दिलीप सरदेसाईने २१२ धावा काढल्या होत्या. तेव्हा तिथे रेगेला उणीपुरी तीन वर्षं झाली होती.

मार्ले सोडून काय ऐकू?

इथे मी वेळेप्रमाणे सांगतो, कारण आपल्याकडे वसंतातला दिवस तीन वेगळ्या ऋतूंसारखा असतो.

सकाळी, ऊन चढायच्या आत, रॉकस्टेडी. अल्टन एलिस, फिलिस डिलन, हेप्टोन्स, पॅरागॉन्स. १९६६ ते ६८ चा हा छोटासा काळ, पण गाणी अशी की एकदा ऐकून दिवसभर गुणगुणावी. पॅरागॉन्सचं 'द टाइड इज हाय' ऐका. ब्लाँडीने १९८० मध्ये ते जगभर गाजवलं, तरी मूळ चालीतला गोडवा वेगळाच. गिटार आवडत असेल तर अर्नेस्ट रँग्लिनचा 'बिलो द बेसलाइन' लावा, १९९६ चा. स्काच्या जन्मापासून वाजवत आलेला माणूस साठी उलटल्यावर जॅझ आणि रेगे यांची गाठ किती सहज मारतो, ते त्यात दिसतं. शब्द नाहीत, त्यामुळे घरात पूजा, चहा, पेपर सगळं चालू असताना कुणाची हरकत येत नाही.

भर दुपारी डब. किंग टबी हा मुळात रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. तयार गाण्यातला गायकाचा आवाज तो काढून टाकायचा, ड्रम आणि बेस ठेवायचा, मधूनच गिटारचा एक तुकडा सोडून त्याला प्रतिध्वनीत विरू द्यायचा. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला भरायला म्हणून सुरू झालेली ही कारागिरी पुढे स्वतंत्र प्रकार झाली. त्याच्या जोडीला ऑगस्टस पाब्लो. हा वाजवतो मेलोडिका, तोंडाने फुंकून पट्ट्या दाबायचं ते शाळकरी मुलांचं वाद्य, आणि त्यातून इतके उदास, लांबट सूर काढतो की हे खेळणं समजणाऱ्यांनी तोंडात बोट घालावं. 'ईस्ट ऑफ द रिव्हर नाईल' हा त्याचा अल्बम पडदे ओढलेल्या खोलीत, एप्रिलच्या दोन वाजता ऐका.

संध्याकाळी लव्हर्स रॉक, म्हणजे प्रेमगीतांचं रेगे. हे जमैकात नव्हे, लंडनमध्ये घडलं, १९७५ च्या आसपास, तिथे वाढलेल्या कॅरिबियन घरांतल्या मुलींच्या आवाजात. लुइसा मार्क तर तेव्हा शाळकरी पोर होती. जॅनेट केचं 'सिली गेम्स' १९७९ मध्ये ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं; डेनिस बोव्हेलने रचलेलं. त्यातला तो वर चढणारा सूर गाठायचा प्रयत्न करू नका, घसा धरेल. रात्रीसाठी ग्रेगरी आयझॅक्स, ज्याला लोक 'कूल रूलर' म्हणायचे. 'नाइट नर्स', १९८२. हा माणूस ओळ संपवायची घाई कधीच करत नाही.

नव्यांत क्रॉनिक्सचा 'क्रॉनॉलॉजी' आणि कॉफी ही तरुण गायिका. तिला २०२० चा रेगेचा ग्रॅमी मिळाला. त्या विभागात तो मिळवणारी ती पहिली स्त्री आणि वयाने सगळ्यात लहान.

नेमकं वसंताचं असं एखादं गाणं?

जॉनी नॅशचं 'आय कॅन सी क्लिअरली नाऊ', १९७२. पाऊस सरून ऊन पडल्याचं गाणं आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने आश्विनाचं. पण मूड चैत्राचा आहे. जिमी क्लिफनेही ते पुढे १९९३ मध्ये 'कूल रनिंग्ज' सिनेमासाठी गायलं; मला त्याचं जास्त आवडतं.

ही सगळी गाणी खरंच निवांत आहेत? शब्द नीट कळत नाहीत.

चाल निवांत, शब्द बऱ्याचदा नाहीत. बर्निंग स्पिअर गुलामगिरीबद्दल गातो आणि मागे बेस पाळण्यासारखा झुलत असतो. मार्लेच्या 'रिडेम्प्शन साँग'मध्ये मार्कस गार्वी या जमैकन कृष्णवर्णीय नेत्याच्या १९३७ च्या भाषणातला विचार आहे. निव्वळ 'चिल' म्हणून लावलेलं रेगे मधूनच असं टोचतं, आणि ते टोचू द्यावं. शब्द जमैकाच्या पातवा बोलीतले असतात. चार-सहा गाण्यांचे बोल समोर ठेवून ऐकले की कान सरावतो. वारकरी अभंग गाताना सुरावटीने सुखावतात आणि शब्दांनी हादरतात, तसंच काहीसं.

डान्सहॉलपासून मात्र या कामासाठी दूर राहा. तो रेगेचाच वंशज, पण आक्रमक, आणि काही जुन्या गाण्यांचे शब्द घरात मोठ्याने लावण्यासारखे नाहीत.

रेगे ऐकायला गांजा लागतो का?

नाही. आपल्याकडे तो १९८५ च्या कायद्याने गुन्हाही आहे. रास्ताफारी लोकांच्या उपासनेत त्याला स्थान आहे, ही त्यांची गोष्ट. इतिहास म्हणून एवढंच: १० मे १८४५ ला 'ब्लंडेल' जहाजातून हिंदुस्थानी गिरमिटिया मजूर पहिल्यांदा जमैकाच्या ओल्ड हार्बर बेला उतरले, आणि गांजा, चिलीम ही मंडळी त्यांच्याबरोबरच तिकडे गेली.

मोबाइलवर ऐकलं, काही खास वाटलं नाही.

वाटणारच नाही. बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. फोनचा स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका. म्हणजे गाण्याचा कणाच गायब, आणि उरतं ते गिटारचं "चक् चक्" आणि आवाज. रेगेत चाल बेस सांगतो. किंग्स्टनच्या रस्त्यांवर कपाटाएवढे स्पीकर रचून ज्यांनी हे संगीत वाढवलं, त्यांनी ते छातीत ऐकलं होतं.

महागडं काही घ्यायला नको. कानात नीट बसणारे साधे तारेचे इअरफोनही फोनच्या स्पीकरपेक्षा शंभरपट बरे. घरात जुना म्युझिक सिस्टिम धूळ खात असेल तर तो काढा. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात सरकवला की बेस आपोआप वाढतो, फुकटात. आणि फोनमधलं 'बेस बूस्ट' बंद ठेवा; त्याने बेस वाढत नाही, गढूळ होतो.

मन शांत होतं याला काही आधार आहे?

माणसांचं आपापलं. कुत्र्यांचं मात्र तपासून पाहिलंय: ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडची प्राणिदया संस्था यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आसऱ्यातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवलं, तर रेगे आणि सॉफ्ट रॉक लागलं असताना ती जास्त शांत आढळली. आमच्या गल्लीतल्यांवर प्रयोग करायला हरकत नाही, विशेषतः रात्री दोनला.

गिटार शिकतोय. रेगे वाजवायला सोपं आहे का?

कॉर्ड सोपे, थांबणं अवघड. कितीतरी गाणी दोन-तीन कॉर्डवर उभी आहेत. उजव्या हाताने 'दोन' आणि 'चार'लाच एक छोटा फटका, तोही वरच्या बारीक तारांवर. आणि फटका पडताक्षणी डाव्या हाताची बोटं सैल करायची. तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा. आवाज तिथेच तुटला पाहिजे. नवशिके 'एक' आणि 'तीन'लाही हात हलवतात, मग त्याचं लोकगीत होतं. मेट्रोनोम ७० ते ८० वर ठेवा आणि दहा मिनिटं एकच कॉर्ड वाजवा. कंटाळा येईल. तो गेला की बरोबर वाजायला लागतं.

आपल्याकडे प्रत्यक्ष ऐकायला मिळतं का?

गोव्यात. गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा महोत्सव २०१६ पासून सुरू झाला, दिल्लीच्या रेगे राजाज या गटाच्या पुढाकाराने. तो साधारण जानेवारीत असतो, त्यामुळे वसंतात घरच्या स्पीकरवरच भागवावं लागतं. टोरांटोत राहणाऱ्या मराठी मंडळींची मात्र चैन आहे: एग्लिंटन वेस्टचा 'लिटल जमैका' म्हणून ओळखला जाणारा पट्टा तिथेच, आणि किंग्स्टनच्या स्टुडिओ वन या रेकॉर्डिंग स्टुडिओचा ऑर्गनवादक जॅकी मिटू १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याच शहरात राहायला गेला होता.

खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. काय करू?

त्यांची तक्रार रास्त आहे. बेस भिंतीतून आणि स्लॅबमधून जातो, गाण्याचा बाकी भाग जात नाही. म्हणजे त्यांच्या वाट्याला फक्त धप्-धप् येतं. स्पीकर जमिनीवरून उचला, खाली चारपदरी सतरंजी किंवा रबरी मॅट घाला, आणि वर सांगितलेली कोपऱ्याची युक्ती विसरून तो भिंतीपासून हातभर पुढे ओढा. रात्री दहानंतर हेडफोन. आणि रविवारी दुपारी त्यांना वर बोलवा, म्हणजे उरलेलं गाणंही त्यांना ऐकू येईल.